वर्गणी सक्तीची केली आणि मंडळ दुभंगलं. तुमच्याकडे काय झालं?

उत्तररात्र (धागाकर्ता)

आमचं हौशी आकाशनिरीक्षकांचं मंडळ आहे. पगारी माणूस एकही नाही. अमावस्येच्या जवळचा शनिवार धरायचा, शहराच्या उजेडापासून लांब जायचं, दुर्बिणी मांडायच्या आणि येईल त्याला आकाश दाखवायचं, एवढंच काम. मंडळाच्या मालकीची एक मोठी डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे, दोन छोट्या दुर्बिणी, आयपीसचा (डोळा लावायच्या भिंगांचा) संच, बॅटऱ्या, नकाशे. बाकी ज्याचं त्याचं. खर्चासाठी दुर्बिणीशेजारी एक पेटी असायची. वाटेल ते टाका, नाही टाकलं तरी कोणी बघत नसे.

या हंगामापासून कार्यकारिणीने नियम केला: वार्षिक वर्गणी भरून सभासद व्हा, नाहीतर निरीक्षणाच्या रात्री यायचं नाही. पाहुणा म्हणून एकदा चालेल, दुसऱ्यांदा नाही. नियम सगळ्यांना सारखा, म्हणजे रात्रभर दुर्बिणीपाशी उभं राहणाऱ्या स्वयंसेवकांनाही. मी कार्यकारिणीत आहे, विरोधात मत दिलं होतं, ठराव बहुमताने झाला.

आता दोन गट पडलेत. एक मंडळाच्या दुर्बिणी घेऊन नेहमीच्या माळावर जातो, दुसरा आपापल्या घेऊन दुसरीकडे. पहिल्याकडे मोठी दुर्बीण आहे, पण तिचे आरसे नीट जुळवणारे काका दुसऱ्या गटात गेले. दुसऱ्याकडे जाणकार आहेत, पण नवख्यांना दाखवायला पुरेसं साहित्य नाही. काकांना वर्गणी परवडत नाही असं अजिबात नाही. ते म्हणाले, "इतकी वर्षं मी इथलाच होतो. आता पावती दाखवल्यावर होणार का?"

वर्गणी हवी की नको यावर मतं नकोत, ती रोज ऐकतोय. छंदासाठी चालणाऱ्या तुमच्या गटात हा प्रश्न आला असेल तर काय केलंत आणि पुढे काय झालं, ते सांगा. आकाशनिरीक्षणच हवं असं नाही.

वाचनमात्र

+१, वाचतोय. मतं नकोत म्हटलंय, म्हणजे आता फक्त मतंच येणार.

हिशेबनीस

मत देतोच, माफ करा.

पेटीचा मोठा दोष असा की ती आभाळावर अवलंबून असते. आकाश स्वच्छ, शनी कड्यांसकट दिसतोय, माणसं खूश, तर पेटी भरते. पावसाळ्यात ती रिकामी. साहित्य ठेवायच्या खोलीचं भाडं, विमा, बॅटऱ्यांची झीज यांना मात्र ढगांशी देणंघेणं नसतं. ठरलेला खर्च आणि लहरी जमा अशी गाठ पडली की खड्डा कोणीतरी खिशातून भरतो आणि ते कोणाला सांगत नाही. अशी मंडळं मी पाहिली आहेत. तो खिसेवाला माणूस एक दिवस गेला की मंडळ आतून किती पोकळ होतं ते कळतं.

फुकट स्वार होणाऱ्यांचा प्रश्न अर्थशास्त्रात जुना आहे. मँकर ओल्सन यांनी १९६५ मध्ये तो नीट मांडला. फायदा सगळ्यांना मिळणार असेल आणि भरलं नाही तरी मिळणार असेल, तर मोठ्या गटात पुष्कळ जण भरणार नाहीत. ती माणसं वाईट असतात म्हणून नाही. आपण एकट्याने न भरल्याने काही बिघडत नाही हे प्रत्येकाला दिसतं आणि ते खरंही असतं. लहान गटात लाज काम करते, मोठ्या गटात ती पुरत नाही.

म्हणून वर्गणी हवीच. फक्त एक विचारतो: ठराव करण्याआधी कार्यकारिणीने जमाखर्च सगळ्यांसमोर ठेवला होता का?

उत्तररात्र

नाही. "पैसे कमी पडतात" एवढंच सांगितलं. आकडे कार्यकारिणीच्या बैठकीत आले होते, बाहेर गेले नाहीत.

हिशेबनीस

मग तुमचं भांडण तिथेच सुरू झालं.

निशाचर

हिशेबनीस, तुमच्या वहीत एक रकाना नाही. माणसाचे तास.

दुपारी सामान भरायचं, तासभर गाडी हाकायची, उजेड असेपर्यंत जागा साफ करून दुर्बिणी उभ्या करायच्या, आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईपर्यंत थांबायचं. मग मध्यरात्र उलटेपर्यंत एकेका माणसाला "डोळा जवळ आणा, पण आयपीसला हात लावू नका" सांगत राहायचं. दव पडलं की भिंगं पुसायची नाहीत, सुकवायची. पहाटे सगळं परत भरायचं. हे करणाऱ्या माणसाला "तूही वर्गणी भर" म्हणता तेव्हा त्याने आजवर दिलेल्याची किंमत शून्य धरता. काकांना तेच लागलं.

पैसा मध्ये आला की माणसाचं वागणं कसं पालटतं याचा गाजलेला अभ्यास आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांत तो झाला, २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, साधारण दुप्पट झाला. आधी पालकांना बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. दंड आल्यावर तो उशिराचा दर झाला, भरला की झालं. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर कमी झाला नाही.

सक्तीच्या वर्गणीचंही हेच होतं. काल आवराआवरीला हात लावणारा माणूस उद्या म्हणतो, मी भरलेत की पैसे.

हिशेबनीस

तो अभ्यास दंडाचा आहे, वर्गणीचा नाही. दंड हा चुकीचा दर, वर्गणी हा मालकीतला हिस्सा. "मी भरलेत, मग माझं काय ते द्या" असं म्हणणारे असतात, तसे "माझं मंडळ आहे, मी बघतो" म्हणणारेही भरल्यामुळेच तयार होतात. दुसरी जात तुम्ही सोयीने विसरलात.

निशाचर

विसरलो नाही. दुसऱ्या जातीतले वर्गणी ऐच्छिक असतानाही भरतात. सक्तीने फक्त पहिल्या जातीची भरती होते.

हिशेबनीस

हे मात्र चांगलं बोललात. उत्तर शोधतो.

व्याध

वर्गणी भरली आणि त्या रात्री ढग आले तर परतावा मिळतो का? कार्यकारिणीपुढे ठेवा.

रात्रपाळी

हसण्यावारी नेऊ नका, माझा प्रश्न जवळपास हाच आहे. माझं काम पाळ्यांचं. शनिवार रात्र मोकळी मिळणं वर्षात क्वचित, आणि त्याच रात्री आभाळही मोकळं हवं. वार्षिक वर्गणी दर महिन्याला येणाऱ्याला आणि मला सारखीच. वाचून वाटतं की भरायला तयार नसलेला माणूस म्हणजे फुकट्या. मी पेटीत नेहमी टाकायचे, आणि आले की एका दुर्बिणीपाशी पहाटेपर्यंत उभीही राहायचे. वर्षाचे पैसे आगाऊ भरून न येणं मला जमणार नाही.

शिवाय "पाहुणा एकदाच" हा नियम कोणी केला त्याने नवख्याकडे कधी पाहिलेलं दिसत नाही. पहिल्या रात्री माणसाला काहीच दिसत नाही. देवयानी दीर्घिका म्हणजे पुसट डाग, त्याला वाटतं मला फसवतायत. डोळा सरावायला दोनतीन खेपा लागतात. गोडी लागायच्या आत तुम्ही पावतीपुस्तक काढता.

हॅमबोका

उत्तररात्र यांनी अनुभव विचारला होता, एक देतो. हौशी रेडिओ.

आमच्या गटाचा उंचावर एक रिपीटर आहे. तो एका वारंवारितेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर जास्त ताकदीने पुन्हा पाठवतो, त्यामुळे हातातल्या छोट्या संचाचा आवाज लांबवर जातो. बांधतात आणि दुरुस्त करतात गटातले लोक, वापरतो परवाना असलेला कोणीही. अँटेना, केबल, डुप्लेक्सर, बॅटरी, आणि वीज पडली की पुन्हा अँटेना, केबल, डुप्लेक्सर. खर्च थांबत नाही.

आमच्यातही वाद झाला आणि रिपीटर बंदिस्त करायचं ठरलं. तांत्रिकदृष्ट्या सोपं असतं: आवाजासोबत ऐकू न येणारा एक खालच्या पट्टीतला टोन पाठवावा लागतो, तो सभासदांनाच सांगायचा. टोन शोधून काढणं अवघड नसतं हे सोडा, तो मुद्दा नाही. रिपीटर मुका झाला. सभासद होते, पैसे होते, यंत्र ठणठणीत होतं, पण बोलायला माणूस नाही. रात्री हाक मारली तर उत्तर यायचं नाही. फुकटे फुकटे म्हणत होतो त्यांच्यामुळेच तिथे गजबज होती.

शेवटी टोन जाहीर करून टाकला. वर्गणी ऐच्छिक ठेवली आणि दुरुस्तीच्या वेळी काय मोडलंय, काय लागेल, किती जमलं हे रिपीटरवरूनच सांगायला लागलो. त्यानंतर कमी पडलं नाही असं म्हणणार नाही. पडतं. पण आता कमी पडतं तेव्हा सगळ्यांना माहीत असतं.

वाचनमात्र

हा प्रतिसाद वाचनखुणेत.

धूमकेतू

आकाशनिरीक्षणात डॉब्सोनियन दुर्बीण आहे म्हणताय, तर ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्यांचंही ऐका. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त मठात साधू होते. जहाजाच्या खिडक्यांच्या जुन्या जाड काचा घासून आरसे करायचे, नळीला पुठ्ठ्याचे पाइप, बैठकीला प्लायवूड. मठातून बाहेर पडावं लागल्यावर ते या दुर्बिणी फुटपाथवर लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र, शनी दाखवू लागले. १९६८ मध्ये त्यातून सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स हा गट उभा राहिला. रस्त्यावरून जाणाऱ्याला अडवून फुकट आकाश दाखवणं हेच त्यांचं काम. हौशी निरीक्षकाच्या हातात मोठा आरसा आला तो मुख्यतः या स्वस्त, ओबडधोबड रचनेमुळे.

त्या दुर्बिणीपाशी "पाहुणा एकदाच" म्हणणं मला तरी जड जाईल.

हिशेबनीस

डॉब्सन यांच्याबद्दल आदर आहे. पण फुटपाथला भाडं नसतं आणि त्यांना साहित्याची खोली, विमा, जागामालक यांतलं काही नव्हतं. एका अवलियाची सोय म्हणजे संस्थेची रचना नव्हे.

फुकट चालणाऱ्या मोठ्या गोष्टींचं उदाहरण हवं असेल तर पार्करन घ्या. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात सुरू झालं. दर शनिवारी सकाळी ५ किलोमीटर, धावणाऱ्याला एक पैसा नाही, वेळ नोंदवणारे सगळे स्वयंसेवक. २०१६ मध्ये ब्रिस्टलजवळच्या स्टोक गिफर्डच्या स्थानिक परिषदेने बागेच्या वापरापोटी पैसे मागायचं ठरवलं. पार्करनने धावणाऱ्यांकडून घ्यायला नकार दिला आणि तिथली शनिवारची धाव बंद पडली. तत्त्व पाळलं, मान्य. पण मध्यवर्ती संस्थेत पगारी माणसं आहेत आणि पुरस्कर्त्यांचे पैसे येतात. फुकट म्हणजे दुसरं कोणीतरी भरतंय. तुमच्या मंडळात ते कोण, एवढंच मी विचारतोय.

निशाचर

आणि बाग कोणाची, हेही विचारा. तिथे पैसे बाहेरच्याने मागितले, आपल्यातल्याने नाही. आपल्यातल्याने मागितले की झोंबतं.

लोलक

अवांतर: मोठ्या दुर्बिणीचा आरसा जुळवणारं कोणी नाही म्हणताय, तर दरम्यान कोणी उत्साहाच्या भरात तो पुसायला जाऊ नका. वरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर फार पातळ असतो. थोडी धूळ असली तरी चित्राला फरक पडत नाही, कापडाने पुसलं की ओरखडे कायमचे. फारच घाण झाला तर खूप पाणी, सौम्य साबणाचा थेंब, कापसाचा नुसत्या वजनाने फिरवलेला बोळा, शेवटी डिस्टिल्ड पाणी. आणि नवा थर द्यायला निर्वात कक्ष लागतो, त्याचा खर्च हा कुठल्याही मंडळाच्या हिशेबात दर काही वर्षांनी येणारा मोठा खर्च. त्यासाठी वेगळं बाजूला ठेवलंय का?

हिशेबनीस

अवांतर कसलं, धाग्यातला सर्वांत नेमका प्रश्न आहे.

उत्तररात्र

नाही ठेवलेलं. पेटीतून रोजचं भागायचं, मोठं काही आलं की धावाधाव.

आणखी एक सांगायचं राहिलं. कार्यकारिणीच्या बाजूने फक्त पैशाचं कारण नव्हतं. माळाच्या मालकाला आणि विमावाल्यांना रात्री तिथे कोण कोण असतं याची यादी हवी आहे. अंधारात कोणी तिकाटण्याला अडखळून पडलं तर जबाबदार कोण, हा प्रश्न खरा आहे. कार्यकारिणीने यादी आणि वर्गणी एकत्र बांधली: सभासदांची यादी म्हणजेच हजेरी.

धूमकेतू

त्या दोन गाठी सोडवता येतात. नाव लिहून घ्यायला पैसे कशाला लागतात?

अमेरिकेतली एएव्हीएसओ ही रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांची निरीक्षणं गोळा करणारी संस्था १९११ पासून आहे. सभासदत्व आहे, वर्गणी आहे. पण निरीक्षणं पाठवायला सभासद असावं लागत नाही. निरीक्षकाचा एक संकेत मिळतो, त्यावर कोणीही ताऱ्याची प्रत (तेज) मोजून पाठवू शकतो. कामाचा दरवाजा उघडा, सभासदत्वाचा वेगळा. त्यांनी फक्त सभासदांकडूनच निरीक्षणं घ्यायची ठरवली असती तर नुकसान ताऱ्यांच्या नोंदींचं झालं असतं, कारण वर्गणीदारांत सगळेच रात्री जागणारे नसतात.

तलवारबहाद्दर

अगदी तुमच्यासारखी गोष्ट घडून गेलेली आहे, म्हणून सांगतो. सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला सुरू झाली. मध्ययुगीन पोशाख, चिलखतं, लढाया, हस्तकला, सगळं हौसेने, मेळावे स्वयंसेवकांच्या जिवावर. १९९४ मध्ये संचालक मंडळाने ठरवलं की मेळाव्याला यायचं तर सभासद व्हावंच लागेल. प्रचंड गदारोळ झाला. लोकांनी हिशेब मागितला, संचालकांवरचा विश्वास गेला, निर्णय मागे घ्यावा लागला. पुढे त्यांनी वेगळी वाट धरली: सभासद नसलात तरी या, प्रवेशाला थोडा जास्त आकार द्या.

तिथेही राग रकमेचा नव्हता. चिलखत शिवण्यात, तंबू ठोकण्यात ज्यांची वर्षं गेली त्यांना कोणीतरी दारात अडवून कार्ड मागणार, याचा होता.

रात्रपाळी

ती दुसरी वाट मला चालेल. आले त्या रात्रीचं सभासदापेक्षा जास्त द्यायला माझी ना नाही.

पाचातली_एक

मी त्याच मंडळातली. उत्तररात्र मला ओळखतील. ठरावाच्या बाजूने मत दिलेल्यांपैकी आहे. इतकं वाचल्यावर गप्प बसवत नाही.

तुम्ही सगळे पैशावर बोलताय. आम्ही ठराव केला तो दमून केला. येणारे वाढले, सामान उचलणारे तेच पाच. लोक रात्री उशिरा येतात, गाडीचे दिवे थेट दुर्बिणीवर मारतात, डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि तो एका झोतात जातो. मोबाइल आयपीसला टेकवून फोटो काढतात, "एवढंच दिसतं?" म्हणतात आणि निघून जातात. पहाटे दवाने भिजलेल्या ताडपत्र्या घडी करायला आम्हीच. निशाचर, तुम्ही तासांचा रकाना म्हणालात ना, तो आमचाच होता. काकांचे तास सगळ्यांना दिसतात कारण ते आरशापाशी बसलेले असतात. पार्किंगपाशी लाल टॉर्च घेऊन उभी असते तिचे कोणाला दिसत नाहीत.

आम्हाला वाटलं वर्गणी लावली की गर्दी आपोआप कमी होईल आणि जे येतील ते मनापासून येतील. गर्दी कमी झाली, हे खरं. पण जे गेले त्यांत उचलायला हात लावणारेही गेले, आणि जे पैसे भरून राहिले त्यांतले काही आता खुर्ची मागतात.

नियम चुकला असेल, पण आम्ही पैशाला हपापलेले म्हणून तो केला नाही, एवढं नोंदवून ठेवते.

निशाचर

ताई, हे तुम्ही त्या बैठकीत असंच बोलला असतात तर मी स्वतः ताडपत्री उचलायला आलो असतो. हात कमी पडत असतील तर हात मागायला हवे होते. पैशाने तिकाटणं उचललं जात नाही.

पाचातली_एक

मागितले होते. दर वेळी मागितले. "नक्की सांगा हं, मदत लागली तर" असं म्हणून लोक जातात.

निशाचर

हं. खरं आहे.

व्याध

मागच्या वेळी परताव्याचं गंमत म्हणून लिहिलं होतं, आता मनापासून. वर्गणीऐवजी कामाची पाळी सक्तीची करा. वर्षातून एक रात्र सामान उचला, बाकीच्या रात्री मोकळ्या मनाने या.

रात्रपाळी

आणि ज्यांना पाठीचं दुखणं आहे ते? लहान मूल बरोबर आहे ते? पाळीची सक्ती म्हणजे घामातली वर्गणी, तीही सगळ्यांना परवडत नाही. दोन्हींतलं एक निवडू द्या, पैसे किंवा पाळी. तरच बरोबर.

हिशेबनीस

निवड ठेवली की दर ठरवावा लागतो. एक रात्र म्हणजे किती वर्गणी? तिथे नवं भांडण. आणि कोण राबलं हे ठरवणार कार्यकारिणी, म्हणजे ओळखीच्यांना सूट. स्वयंसेवकांना वर्गणी माफ हा नियम कागदावर गोड दिसतो. मी एका मंडळात त्याची दशा पाहिली आहे: वर्षभराने माफीच्या यादीत कार्यकारिणीचे मित्र जास्त आणि राबणारे कमी होते. माफी ठेवायचीच तर हजेरीच्या वहीवरून ठेवा, कोणाच्या आठवणीवरून नको.

माझं म्हणणं आता जरा सरकलं आहे. माळावर येणं सगळ्यांना खुलं ठेवा, फक्त नाव लिहून घ्या, विमावाल्यांचं भागेल. मोठ्या दुर्बिणीसाठी आणि आरशाच्या थरासाठी वेगळा निधी काढा, त्याचा जमाखर्च माळावरच फलकावर लावा, लाल उजेडात वाचता येईल असा. दुर्बीण घरी न्यायची असेल, निवडणुकीत मत द्यायचं असेल तर वर्गणी. एवढ्यासाठी वर्गणी सक्तीची असली तर काकांचंही काही म्हणणं नसावं.

निशाचर यांना उत्तर शोधतो म्हणालो होतो, ते हेच. सक्ती दारावर नको, चाव्यांवर ठेवा.

निशाचर

मतावर नको. चाव्यांवर चालेल. मत पैशाने मिळणार असेल तर पुढच्या वर्षी दारावरची सक्ती पुन्हा आणायला तीच माणसं मत देतील, बाहेरचे बघत बसतील. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते चराऊ कुरणं, पाणी, मासेमारी असं सामाईक धन लोक स्वतः कसं सांभाळतात याच्या अभ्यासासाठी. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना जे सारखं दिसलं त्यात एक हे होतं, की नियम ज्यांना लागतो त्यांतल्या बहुतेकांना तो बदलण्यात भाग घेता येतो. तुमच्या मंडळात नियम लागला येणाऱ्या सगळ्यांना, ठरवला कार्यकारिणीने.

हिशेबनीस

त्याच यादीत हेही आहे की सामाईक धनावर हक्क कोणाचा याच्या सीमा स्पष्ट असाव्या लागतात. अर्धी ऑस्ट्रॉम सांगू नका.

निशाचर

सीमा हवी, मान्य. ती पावतीनेच आखायची असं त्या म्हणत नाहीत.

संपादक

दोघांनाही विनंती, एकमेकांना उत्तरं देताना धागाकर्त्याचा प्रश्न लक्षात असू द्या. चर्चा चांगली चालली आहे.

उत्तररात्र

काल कार्यकारिणीत हे सगळं मांडलं. ताईही होत्या. जमाखर्च सगळ्यांना पाठवायचा, हे लगेच ठरलं, कोणी विरोध केला नाही. प्रवेश खुला करायला तीन जण तयार आहेत, दोन नाहीत. त्यांचं म्हणणं, मग ज्यांनी यंदा वर्गणी भरली त्यांना काय सांगायचं? तेही बरोबर आहे.

सर्वसाधारण सभा बोलवायची ठरली आणि तिथेच गाडी अडली. मत कोण देणार? यंदाच्या वर्गणीदारांनाच दिलं तर निकाल आताच सांगता येतो. जो येईल त्याला दिलं तर एखाद्याने त्या दिवशी गाडी भरून माणसं आणली म्हणजे झालं. आमच्या नियमावलीत सभासद म्हणजे कोण हेच लिहिलेलं नाही, आजवर कधी लागलंच नव्हतं.

हिशेबनीस

गेल्या हंगामात माळावर हजेरीची वही होती का?

उत्तररात्र

होती. निरीक्षणं लिहायला म्हणून ठेवलेली. येणारे त्यात नाव लिहायचे आणि काय पाहिलं ते.

हिशेबनीस

मग ठराव होण्याच्या आधीच्या हंगामात ज्यांची नावं त्या वहीत एकाहून जास्त रात्री आहेत, ते मतदार. ठरावानंतरची नोंद धरायची नाही, म्हणजे माणसं जमवून आणायला वाव राहत नाही. आणि नियम बदलायला साधं बहुमत नको, दोन तृतीयांश ठेवा. पाच-सहा मतांनी पुन्हा उलटायला नको.

रात्रपाळी

माझं नाव त्या वहीत एकदाच असेल. एकाहून जास्त म्हटलं की मी गेले. आणि सभा रात्री ठेवलीत तर माझी पाळी, सकाळी ठेवलीत तर माझी झोप. मत आधी लेखी पाठवायची सोय ठेवा.

पाचातली_एक

एकदा नाव असलेल्यांनाही द्यावं, असं माझं मत. "पाहुणा एकदाच" हा नियम माझ्या सूचनेवरून आला होता, आणि तो रद्द करायच्या मतदानात पुन्हा एकदाच आलेल्यांना बाहेर ठेवायचं हे मला नको. लेखी मताची जबाबदारी मी घेते.

हिशेबनीस

माणसं वाढतील. मोजायला बसा मग.

पाचातली_एक

बसेन. पार्किंगपेक्षा सोपं आहे.

उत्तररात्र

ठीक. एकदा नाव असलं तरी मत, लेखी चालेल, दोन तृतीयांश. हे तिघांचं म्हणणं म्हणून आज कार्यकारिणीला कळवतो. सभा पौर्णिमेच्या शनिवारी ठेवू, त्या रात्री नाहीतरी कोणी दुर्बीण काढत नाही. जमाखर्च त्याआधी आठवडाभर सगळ्यांच्या हातात असेल. दुसऱ्या गटालाही निरोप जाईल. काका येतील की नाही सांगता येत नाही, त्यांना फोन केला तर "बघू" म्हणाले.

निशाचर

मी तुमच्या मंडळातला नाही, पण बसायला येऊ दिलंत तर येईन. मत अर्थातच देणार नाही.

व्याध

पाहुणा म्हणून एकदाच चालेल.